आईबाबांना घेऊन क्वेडलिनबुर्ग, एक दिवस पुरते का? (बाबांचे गुडघे + आईचं शाकाहारी)

मोतीबागचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, कंपनीनं सहा महिन्यांसाठी माग्डेबुर्गला पाठवलं आहे. पुढच्या महिन्यात आईबाबा येऊन राहिले, दहा दिवस. बर्लिन एक दिवस करू, बाकी शनिवार-रविवारीच काय ते, मला सुट्टी नाही.

ऑफिसात ज्याला विचारलं तो म्हणते म्युनिक जा, महाल पाहा, अमुक पाहा. पण आमच्या बाबांना मोठं शहर म्हटलं की घाम फुटते, ते सीताबर्डीलाही दिवाळीत जात नाहीत. त्यांना एखादं छोटं गाव दाखवायचं आहे, जुनी घरं, गल्ल्या, एखादं जुनं चर्च, दुपारी कुठं तरी बसून चहा, बस. शोधता शोधता क्वेडलिनबुर्ग सापडलं, माझ्यापासून जवळ आहे, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, फोटो तर असे की खोटे वाटून राहिले.

अडचणी अशा : बाबा ६८ चे आहेत, मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर, दोन्ही गुडघे कुरकुर करतात, अन् चर्च टेकडीवर आहे असं वाचलं. आई अंडंही खात नाही. अन् तिसरी अडचण म्हणजे आईच म्हणते, "देवळं सोडून चर्च पाहायला एवढ्या लांब कशाला?" तर मला तिला सांगायला काही तरी पाहिजे, नुसतं "जुनं आहे" म्हटलं तर ती म्हणेल रामटेक काय नवीन आहे का.

कोणी गेलं आहे का? एक दिवस पुरते की रात्री राहावं?

विदर्भ_बावा

आईचं बरोबर आहे बे. चर्चच पाहायचं तर सदरला जा, ऑल सेंट्स पाहा, एसएफएस पाहा, ऑटोचे पन्नास रुपये. मी युरोपात चौदा दिवसांची टूर केली, तिसऱ्या दिवसानंतर सगळी चर्चं एकसारखीच दिसून राहिली होती, शेवटी तर आम्ही बसमधूनच उतरत नव्हतो. आईबाबांना स्वित्झर्लंडला ने, बर्फ पाहू दे.

धरमपेठी_हाल्लेत

बावा, बसमधून न उतरणाऱ्यानं सल्ला देऊ नये 😄

अरे जा तू, नक्की जा. मी हाल्लेला चार वर्षांपासून आहे अन् पाहुणे आले की दरवेळी तिथंच नेते, आतापर्यंत सहा वेळा झालं असेल. माग्डेबुर्गहून थालेकडे जाणारी लोकल गाडी पकड, हाल्बरश्टाट करून जाते, साधारण सव्वा तास. तिघं आहात तर जाक्सेन-अनहाल्टचं, म्हणजे आपल्या या राज्याचं, एक दिवसाचं तिकीट काढ, एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत चालते, वीकेंडला दिवसभर चालते, फक्त लोकल गाड्यांतच हं, वेगवान गाडीत चढलास तर दंड भरशील. अन् तिकिटावर नाव लिहावं लागते, आमच्या मामांनी लिहिलं नव्हतं, टीसी आला तेव्हा मामा मराठीत समजावत होते.

चढ आहे, खोटं बोलत नाही. पण रामटेकच्या गडासारखा नाही, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. त्रास चढाचा नाही, रस्त्याचा आहे. सगळीकडे गोल गोट्यांची फरसबंदी, पाय असा वाकडा तिकडा पडते. त्यामुळे बाबांना साधी चप्पल नको, जाड तळव्याचे बूट पाहिजेत, अन् काठी लाज न धरता घ्यायला लाव. स्टेशनवरून चौकापर्यंत पायी पंधरा मिनिटं लागतात, बाबांच्या चालीनं पंचवीस धर.

घरांबद्दल एक सांगते कारण पहिल्यांदा गेले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. लाकडाचा सांगाडा दिसते ना बाहेरून, त्याच्या मधल्या चौकटीत काड्या विणतात अन् त्यावर माती अन् पेंढ्याचं लिंपण. म्हणजे आपली कुडाची भिंतच की! आमच्या आजीचं काटोलकडचं घर असंच होतं, फक्त ते एकमजली अन् हे तीन-तीन मजली. तुझ्या आईनं खेड्यातलं घर पाहिलं असेल तर तिला हे लगेच कळेल, माझ्या आईनं तर भिंतीला हात लावून "शेण नाही का घातलं यात" असं विचारलं होतं. वोर्डगासेमध्ये ३ नंबरचं घर आहे, चौदाव्या शतकातलं, त्यात या घरांचंच म्युझियम केलं आहे. त्यात खांब जमिनीपासून थेट छपरापर्यंत एकच. नंतरच्या काळात मग मजल्यावर मजला वेगळा रचायला लागले, अन् वरचा मजला गल्लीत पुढं काढायला लागले. एकदा हा फरक कळला की गल्लीत उभं राहून घराचं वय ओळखायचा नाद लागते, गुडघ्यांपेक्षा मान जास्त दुखते.

अशी घरं दोन हजारांच्या घरात आहेत, गाव पंचवीस हजार वस्तीचंही नाही. अन् ती वाचली कशी माहीत आहे का, गरिबीनं! पूर्व जर्मनीच्या काळात ती पाडून सिमेंटचे ब्लॉक टाकायचा बेत होता, चौकाच्या उत्तरेला थोडं केलंही, पण बाकीचं पाडायलाही पैसे पुरले नाहीत. १९८९ पर्यंत कित्येक घरं गळून राहिली होती, छपरं खाली आलेली. आपल्या नागपूरच्या महाल भागातले वाडे आठव. तिथं मात्र पैसा आला, अन् आला तसा वाडा गेला.

जेवण : आईसाठी दशम्या अन् तिखट-मिठाच्या पुऱ्या घेऊनच जा. तिथलं प्रसिद्ध म्हणजे चीजकेक अन् त्यात अंडं असतेच. उकडलेला बटाटा मिळेल, ब्रेड मिळेल. दोन नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होते ते थेट संध्याकाळी उघडते. सुट्टे नाणे ठेव, टॉयलेटला लागते. अन् सोमवारी जाऊ नको, रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा चर्च पाहायला दुपारनंतर.

बखरवाला

ताईंनी घरांचं सगळं सांगितलंच आहे, मी चर्चचं सांगतो, म्हणजे मोतीबागच्या आईला सांगायला मसाला मिळेल.

पहिली गोष्ट, ते साधं चर्च नाही. ९३६ साली जर्मनांचा राजा हाइनरिश पहिला वारला, त्याला तिथं टेकडीवर पुरलं, अन् त्याची बायको राणी माथिल्ड अन् मुलगा ऑटो यांनी तिथं बायकांचा मठ काढला. बायकांचा म्हणजे मोठ्या घरच्या पोरींचा, त्यात बऱ्याचशा राजाच्याच घरातल्या. नवऱ्यासाठी प्रार्थना चालू राहावी म्हणून राणीनं काढला, पण झालं असं की त्या मठाची प्रमुख बाई हीच त्या गावाची मालकीण झाली, कर तिचा, न्याय तिचा, नाणंही तिचं. अन् हे चाललं थेट १८०२-०३ पर्यंत! साडेआठशे वर्षं एका गावावर बायांचं राज्य. आपल्याकडे बाकाबाईंनी भोसल्यांचा कारभार काही वर्षं हाती ठेवला तर अजून महालात लोक नाव घेतात, इथं तर पिढ्यान्‌पिढ्या.

गावातल्या व्यापाऱ्यांना हे खुपत होतंच. १४२६ मध्ये ते हान्सा नावाच्या व्यापारी संघात गेले, थोडी मिजास आली, अन् १४७७ मध्ये प्रमुख बाई हेडविगशी वाजलं. तिनं भावांना निरोप धाडला, भाऊ सैन्य घेऊन आले, गाव गुडघ्यावर. चौकात रोलँडचा दगडी पुतळा होता, गावाच्या स्वातंत्र्याची खूण म्हणून, तो पाडला. आता टाउन हॉलसमोर दिसते तो तोच, १८६९ मध्ये परत उभा केला. आईला सांग, माहेरच्या लोकांना बोलावलं अन् गाव सरळ केलं, हे तिला झटक्यात समजेल.

आता चर्च. सध्याची इमारत आधीची जळाल्यावर १०७० नंतर बांधायला घेतली, ११२९ मध्ये पुरी झाली. आत गेल्यावर खांब पाहा : एक चौकोनी जाड खांब, मग दोन गोल, परत एक चौकोनी, परत दोन गोल. असा ठेका धरून शेवटपर्यंत. वर लाकडी सपाट छत, भिंतीच्या कडेनं पट्टीवर पक्षी, प्राणी, वेली कोरलेल्या. उंच टोकदार खिडक्या, रंगीत काचा वगैरे जे चर्च म्हटल्यावर डोळ्यासमोर येते ते इथं नाही, जाड भिंती अन् थोडा उजेड, थोडंसं आपल्या जुन्या हेमाडपंती देवळात गेल्यासारखंच वाटते. खाली तळघरात राणीची दगडी पेटी आहे. राजाची पेटी मात्र रिकामी, त्याची हाडं कुठं गेली कोणालाच पत्ता नाही.

अन् त्या रिकाम्या जागेवरून पुढं वेगळंच महाभारत. हिमलर, म्हणजे हिटलरच्या एसएस दलाचा प्रमुख, त्याला या हाइनरिशचं भारी वेड. १९३६ मध्ये राजाला जाऊन हजार वर्षं झाली म्हणून एसएसवाल्यांनी तिथं मोठा सोहळा केला, मग १९३७ मध्ये "हाडं सापडली" म्हणून परत पुरली, मग १९३८ मध्ये चर्चच ताब्यात घेतलं, प्रार्थना बंद, पाद्री बाहेर. युद्धानंतर पेटी उघडून पाहिली तर हाडं बनावट! त्यांनी जाता जाता चर्चही "शुद्ध जर्मन" करायला घेतलं होतं, पूर्वेकडच्या टोकाचं गॉथिक (टोकदार कमानींची नंतरची शैली) त्यांना आवडलं नाही म्हणून आतून गोल भिंत घातली. बाहेरून टोकाकडे पाहिलं तर कोनाकोनाचं गॉथिक दिसते, आत गेलं तर गोल. दोन्ही पाहून घे, बहुतेक लोक फक्त आतलं पाहतात अन् तेच हजार वर्षं जुनं समजून येतात.

इंजिनवाला_काका

पोरा, बाबा मोतीबागचे म्हणालास ना, मग चर्च-बिर्च नंतर. क्वेडलिनबुर्ग स्टेशनातूनच वाफेची गाडी सुटते, हार्ट्सच्या डोंगरात जाते. ती सोडलीस तर बाबा तुला जन्मभर माफ करणार नाहीत.

लोक त्याला नॅरोगेज म्हणतात पण ती मीटर गेज आहे, म्हणजे दोन रुळांत अंतर १००० मिलिमीटर. आपली सातपुड्याची छोटी गाडी ७६२. अन् मजा ऐक. क्वेडलिनबुर्ग ते गेर्नरोड हा साडेआठ किलोमीटरचा तुकडा आधी मोठ्या गेजचा होता, १४३५ वाला. मोठी गाडी बंद पडली तेव्हा रूळ उपटून फेकायच्याऐवजी त्यांनी तो २००६ मध्ये बारीक केला अन् छोट्या गाडीला जोडला! आपल्याकडे काय झालं, २०१५ मध्ये छिंदवाड्याची छोटी गाडी बंद केली अन् मोठी लाइन टाकली. मी म्हणत नाही की वाईट झालं, मोठी लाइन लागतेच, लोकांना कामाला जायचं असते, पण शेवटच्या दिवशी मी नागपूर स्टेशनवर होतो, तेव्हा बरीच मोठी माणसं रडत होती.

सगळ्याच फेऱ्या वाफेच्या नसतात, काही डिझेलच्या डब्याच्या असतात, टाइमटेबल पाहून जा. तिकीट वेगळं, आधी विचारून घे.

गेर्नरोडला उतर. तिथंही एक चर्च आहे.

बखरवाला

काका बरोबर, गेर्नरोडचं सांक्ट सिरियाकुस! मी विसरलोच होतो. ९५९ च्या सुमारास गेरो नावाच्या सरदारानं बांधायला घेतलं, म्हणजे क्वेडलिनबुर्गच्या आताच्या इमारतीपेक्षाही जुनं. आत येशूच्या कबरीची एक दगडी प्रतिकृती आहे, जर्मनीत एवढी जुनी फार थोडी. गर्दी नाही. बाबांना चढही नाही.

विदर्भ_बावा

एक खजिना चोरीचा काय भानगड आहे, मी कुठं तरी वाचलं होतं? का ते दुसरंच गाव?

बखरवाला

आता आला बावा रुळावर. हेच गाव.

चर्चकडे मठाचा जुना खजिना होता, सोन्याच्या शाईनं लिहिलेलं नवव्या शतकातलं शुभवर्तमानांचं (बायबलच्या एका भागाचं) पुस्तक, हस्तिदंती कंगवा (राजाचा म्हणून सांगतात, पण तो त्याच्याहूनही जुना अन् पूर्वेकडचा आहे), रत्नजडित पेट्या. युद्धात बॉम्ब पडतील म्हणून डोंगरातल्या एका गुहेत लपवला. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं, पहारा ठेवला, अन् पहाऱ्यावरच्यातल्याच एका लेफ्टनंटनं बारा वस्तू उचलून साध्या लष्करी टपालानं टेक्सासला घरी पाठवून दिल्या! आईला पत्र पाठवावं तसं पार्सल. मग पूर्व जर्मनी पडद्याआड गेली, विचारणार कोण. तो १९८० मध्ये वारला, वारसांनी विकायला काढल्या तेव्हा १९९० मध्ये बोभाटा झाला. शेवटी वारसांना जवळजवळ तीस लाख डॉलर मोजून १९९३ मध्ये दहा वस्तू परत आल्या. दोन अजून बेपत्ता.

आपलीच वस्तू, अन् आपणच पैसे मोजायचे. राग येते ना? पण मग नागपूरच्या रघुजी राजे भोसल्यांच्या तलवारीचं काय, २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आपल्या सरकारनंही ४७.१५ लाख रुपये मोजूनच आणली. इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूर खालसा केल्यावर भोसल्यांच्या वाड्यातून काय काय गेलं त्याची तर यादी करायलाही दम लागेल. त्यामुळे तो कंगवा काचेमागं पाहताना मला वेगळंच वाटलं, जर्मन माणसाला वाटलं असेल त्याहून वेगळं.

धरमपेठी_हाल्लेत

एक राहिलं. पोट्ट्या, तू राहतोस त्या माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये हाइनरिशचा मुलगा ऑटो पुरलेला आहे, ९७३ मध्ये वारला तो. अन् त्याची पहिली बायको एडिथ, इंग्लंडची राजकन्या, तिची हाडं २००८ मध्ये तिथंच शिशाच्या पेटीत मिळाली, दातांवरून शोधलं की ही लहानपणी इंग्लंडातच वाढली. म्हणजे सासू क्वेडलिनबुर्गला, सून तुझ्या गावात. आईला हे आधी सांग, ती स्वतःच तिकीट काढेल.

मोतीबागचा_पोट्टा

मंडळी जाऊन आलो!! उशीर झाला लिहायला, आईबाबा परवाच नागपूरला गेले, घर रिकामं वाटून राहिलं.

शनिवारी रात्री मुक्काम केला, रविवारी परत. ताई, तुमचं सासू-सुनेचं चाललं, शंभर टक्के चाललं. शुक्रवारी संध्याकाळी आईला आधी माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये नेलं, सून पाहिली, मग तीच म्हणे आता सासू पाहूनच येऊ.

पण बाबांनी स्टेशनवर उतरल्या उतरल्या इंजिन पाहिलं अन् कार्यक्रम बदलला. वाफ सोडत उभं होतं समोर. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, काठीही दिली, अन् गडी चालत गेला सरळ. गुडघे कुठं गेले देव जाणे. ड्रायव्हरशी अर्धा तास गप्पा, बाबांना जर्मन येत नाही, त्याला इंग्रजी अर्धंमुर्धं, पण दोघं एकमेकांना चाकं अन् दांडे दाखवून राहिले, बाबांनी मोबाइलमधला मोतीबागच्या म्युझियममधल्या इंजिनचा फोटो काढून दाखवला तर त्यानं टोपी काढली. मग आम्ही आधी गेर्नरोडलाच गेलो. काका, तो मोठ्याचा लहान केलेला रूळ मी बाबांना सांगितला, ते काहीच बोलले नाहीत, खिडकीतून खाली पाहत राहिले. थोड्या वेळानं म्हणे, "स्लीपर नीट ठेवले आहेत." बाबांच्या तोंडून ही फार मोठी तारीफ आहे, वर्कशॉपमध्ये त्यांनी कोणाला कधी "नीट" म्हटलेलं मला आठवत नाही.

गेर्नरोडच्या चर्चमध्ये आम्ही तिघंच होतो, एक बाई फुलं बदलत होती. आईनं तिला विचारलं ही फुलं कोणाच्या बागेतली, मी भाषांतर केलं, तर त्या बाईच्या घरचीच. मग दोघींचं बराच वेळ बागेवरून चाललं, मी दुभाषी.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडी. गोट्यांचा रस्ता खरंच वाईट आहे, आई दोनदा घसरली, पडली नाही. दशम्या टेकडीखाली बाकावर बसून खाल्ल्या, चीजकेक मी अन् बाबांनी हाणला (आईला सांगितलं नाही त्यात काय असते, तिनं विचारलंही नाही, मला वाटते तिला माहीत होतं). वर जाऊन बखरवाल्या दादांनी सांगितलं तसं आधी बाहेरून कोनवालं पाहिलं, मग आत गोल. बाबा खांब मोजत गेले, एक-दोन, एक-दोन. खजिन्याच्या खोलीत कंगव्यापाशी मी चोरीचं अन् तलवारीचं सांगितलं तर बाबा म्हणे, "टपालानं पाठवला? अन् रस्त्यात फुटला नाही?" रेल्वेतल्या माणसाला पार्सलचीच काळजी.

तळघरात आई राणीपाशी बरीच थांबली. मला वाटलं हात जोडेल, नाही जोडले, नुसती पाहत होती. मग म्हणे नाव काय सांगितलं होतं हिचं? माथिल्ड, म्हटलं. नवरा कुठं आहे? म्हटलं पेटी आहे, हाडं नाहीत, अन् नंतर आणून ठेवली ती खोटी निघाली. आई म्हणे, "म्हणजे त्याच्यासाठी एवढं सगळं हिनं बांधलं, अन् राहिली हीच." मग तिला थंडी वाजायला लागली म्हणून वर आलो.

विदर्भ_बावा, कंटाळा आला नाही, शप्पथ.

आता नवीनच लफडं. आईनं स्टेशनवर कुठलं तरी पत्रक उचललं, त्यात नाउमबुर्गच्या कॅथेड्रलमधल्या उटा नावाच्या बाईच्या पुतळ्याचा फोटो होता, कॉलर वर धरून उभी आहे ती. आई फोनवर रोज विचारून राहिली, ती कोण, कोणाची बायको, अन् तिच्याकडे जायला गाडी कुठून. पुढच्या वर्षी परत येते म्हणे. ताई, हाल्लेहून नाउमबुर्ग किती वेळ लागते?

धरमपेठी_हाल्लेत

लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आसपास. आईला म्हणावं माझ्याकडे उतरा, बिनअंड्याचा केक मी करते.